चौसष्ट धोबी

बनशंकरी, बंगळूर
आश्विन शुद्ध एकादशी, शके १९१७

चि. सुचेता,

आशीर्वाद आहेतच असं धरून चाल, कारण आज मन ठिकाणावर नाही. बाई, पक्षी संपले. काल दसऱ्याला तळ्यावर गेलो, नेहमीच्या दगडावर बसलो, संध्याकाळी पाच ते सव्वासहा मोजले. चौऱ्याऐंशी. गेल्या वर्षी दोनशे साठ होते, त्याच्या आदल्या वर्षी चारशे दोन. तुझी काकू म्हणते, डोळे तपासून घ्या. डोळ्यांना काय धाड भरलीय? मला पलीकडच्या काठावरची म्हैस गाभण आहे का नाही तेसुद्धा दिसतं.

तुला माझं हे खूळ अर्धंमुर्धं ठाऊक आहे. मुळापासून सांगतो. पिवळा धोबी म्हणजे चिमणीएवढा पक्षी, पोट हळदीत बुडवून काढल्यासारखं, शेपटी सारखी खालीवर. उन्हाळा थंड मुलखात काढतो आणि हिवाळ्याला आपल्याकडे उतरतो. दिवसभर शेतांत हिंडतो आणि संध्याकाळी तळ्यातल्या पाणकणसांत शेकड्यांनी झोपायला येतो. १९७० साली मी आणि आमच्या कारखान्यातले नरसिंहराव दसऱ्याचं सीमोल्लंघन म्हणून सायकली काढून इथे आलो, तेव्हा बंगळूर या तळ्याच्या अलीकडेच संपायचं. पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरताना पाहिले आणि आम्हा दोघांचं डोकं फिरलं. तेव्हापासून दर दसऱ्याला मोजतो. खिशात चिंचोके ठेवायचे आणि दर दहा पक्ष्यांना एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्यात टाकायचा. सव्वीस वर्षं झाली, जागा तीच, वेळ तीच, दिवस तोच. गावाची सीमा आम्हाला ओलांडून दोन मैल पुढे गेली, आम्ही मात्र हललो नाही.

मागच्या महिन्यात मल्लेश्वरमला पक्षी बघणाऱ्यांची सभा होती. तिथे पक्ष्यांवर पीएच.डी. केलेल्या एका तरुण डॉक्टरला वही दाखवली. त्याने आदबीने विचारलं, दरवर्षी एकाच दिवशी मोजता का? मी म्हटलं, एकाच. मग तो म्हणाला, सर, आकडे फार उड्या मारतात, अहवालात घेता येणार नाहीत, छंद म्हणून छान आहे. छंद म्हणे. मी काय पतंग उडवतोय?

तू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतेस. वहीची झेरॉक्स पाठवतोय. आलेख काढ आणि मला एवढंच सांग, माझे पक्षी खरंच संपलेत का मी मोजायलाच नालायक आहे. नरसिंहराव हल्ली येत नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात.

तुझा,
वासुदेवकाका


पुणे
१७ ऑक्टोबर १९९५

ती. वासुदेवकाका,

वाकून नमस्कार. तुमचं पत्र नक्की कुठल्या तारखेचं ते पोस्टाच्या शिक्क्यावरून शोधलं. आश्विन शुद्ध एकादशी वाचून आई म्हणाली, काका बंगळुरात राहून आणखीच भटजी झाले.

वही पाहून मी वेडी झाले. सव्वीस वर्षं एक माणूस एका दगडावर बसून एकच पक्षी मोजतो, अशी वही आमच्या अख्ख्या विभागात कुणाकडे नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवली. आलेख कॉलेजच्या कॉम्प्युटरवर काढला, दोनदा. आणि काका, तो करवतीसारखा आला. वर जातो, खाली येतो, पुन्हा एकदम वर. डॉक्टर म्हणाला ते उगीच नाही.

पण गंमत अशी की प्रत्येक पडत्या वर्षापुढे तुमच्या अक्षरात एक सबब आहे. १९७१ ला सत्त्याण्णव, तर 'परतीचा पाऊस लांबला'. १९७६ ला एकशे एकतीस, तर 'कुणीतरी पाणकणसं कापली'. १९८७ ला दुष्काळ. या वर्षी बहुतेक तुमचे डोळे असणार. फक्त १९९० ला सबब नाही. तिथे अक्षरही तुमचं नाही, गोल गोल आहे. आकडा चौसष्ट, आणि पुढे तांबड्या शाईत एक मोठं प्रश्नचिन्ह, ते मात्र तुमचं. तुमची प्रश्नचिन्हं मी लहानपणापासून ओळखते, माझ्या गणिताच्या वहीत असायची.

त्या वर्षी दसऱ्याला तुम्ही पुण्यात होता, बाबांच्या ऑपरेशनसाठी, मला आठवतंय. मग हे कुणी मोजलं? आणि प्रश्नचिन्ह का? खरं लिहा, आकडा घ्यायचा की गाळायचा ते त्यावर ठरेल.

तुमची,
सुचेता


बनशंकरी
कार्तिक शुद्ध दशमी, शके १९१७

चि. सुचेता,

आलेख मिळाला. भिंतीला लावला होता, काकूने काढला, म्हणाली दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

१९९० गाळून टाक. तो आकडा खोटा आहे. नरसिंहरावांनी लिहिलाय. मी पुण्याहून आलो आणि वहीत पाहतो तर चौसष्ट. अगं, त्याच्या आदल्या वर्षी दोनशे पंचवीस होते. मी काही बोललो नाही, फक्त प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या दसऱ्याला आम्ही दोघं गेलो, तर तीनशे सत्तेचाळीस. त्याच दगडावरून, त्याच चिंचोक्यांनी. एका वर्षात पक्षी पाचपट होतात का? तूच सांग. तो माणूस त्या वर्षी गेलाच नव्हता. त्यांच्याकडे नवरात्रात बाहुल्या मांडतात, गोंबे म्हणतात इकडे. त्या बघत घरी बसला असणार आणि मनाने आकडा ठोकून दिला. आपण वीस वर्षं ज्याच्याबरोबर एका डब्यातून खाल्लं त्याने एका संध्याकाळचा आळस करावा आणि वर वहीत खोटं लिहावं, हे मला सहन झालं नाही. मी तोंडावर सांगितलं. तेव्हापासून बोलणं नाही. गुडघ्यांचं मी आपलं लिहिलं, त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा ठणठणीत असतील.

हे तुझ्या आईला सांगू नकोस. पुढे पक्ष्यांबद्दल विचार, माणसांबद्दल नको.

तुझा,
वासुदेवकाका


पुणे
७ जुलै १९९६

ती. काका,

बसा. पाण्याचा तांब्या जवळ घ्या. आठ महिने मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, आणि मला काल रात्री धड झोप लागलेली नाही.

तुम्हाला माहीतच आहे, सध्या अधिक महिना चालू आहे. काल आईने जावयाला वाण द्यायला आम्हाला बोलावलं होतं. तेहेतीस अनारसे, चांदीचा दिवा, सगळं साग्रसंगीत. अवधूत अनारसे मोजत होता, कारण मागच्या अधिकात एक कमी होता अशी त्याची तीन वर्षांची तक्रार आहे. आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरची पानं उलटत सहज म्हणाली, अगंबाई, अधिकामुळे या वर्षी दसरा केवढा लांबला, एकवीस ऑक्टोबर. गेल्या वर्षी तीनलाच झाला होता.

काका, माझ्या हातातला अनारसा तुपाच्या वाटीत पडला.

तुम्ही वहीत एकदाही तारीख लिहिलेली नाही. सव्वीस वर्षं नुसतं 'विजयादशमी, शके अमुक'. तुम्ही त्या डॉक्टरला सांगितलंत, दरवर्षी एकाच दिवशी. तो बिचारा समजला एकाच तारखेला. आणि तुम्ही दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होता. पण दसरा दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की तीन आठवड्यांच्या आसपास उडी मारून पुढे जातो. पक्ष्यांना अधिक महिना कुणी सांगितलाय? ते थंडीच्या हिशोबाने येतात. सप्टेंबरच्या शेवटी आघाडीचे थोडे, ऑक्टोबरच्या मध्यात झुंडी, अखेरीस सगळे. दसरा लवकर आला तर तुम्ही रिकाम्या मांडवात जाऊन वऱ्हाडी मोजता, आणि उशिरा आला तर भर पंगतीत.

मी काल संध्याकाळीच बाबांच्या कपाटातली जुनी पंचांगं काढली आणि प्रत्येक दसऱ्याची तारीख लावली. आणि मग आणखी एक गोष्ट सापडली. एकोणीस वर्षांनी पंचांग फिरून जवळजवळ त्याच तारखेवर येतं. म्हणजे तुमच्या वहीत जोड्या आहेत. १९७१ चा दसरा २९ सप्टेंबरला होता. तेव्हा तुम्ही दोघांनी मिळून मोजले, सत्त्याण्णव. १९९० चा दसराही २९ सप्टेंबरलाच होता. तेव्हाचे चौसष्ट. १९७२ चे पाचशे सोळा, त्याच्या जोडीचे १९९१ चे तीनशे सत्तेचाळीस. १९७६ चे एकशे एकतीस, जोडीला गेल्या वर्षीचे चौऱ्याऐंशी. प्रत्येक जोडीत एकोणीस वर्षांनंतरचा आकडा आधीच्या सुमारे दोन तृतीयांश येतो. इतका सरळ हिशोब मी वर्गात मुलांना उदाहरण म्हणूनसुद्धा देत नाही, त्यांना तो बनवलेला वाटेल.

तुमच्या पहिल्या पत्राचं उत्तर आता देते. पक्षी संपलेले नाहीत. गेल्या वर्षीची पडझड नुसती तारखेची होती. पण ते कमी झालेत हे खरं. एकोणीस वर्षांत तीनातला एक गेला. तुमची वही छंद नाही, बंगळुरात हे सांगू शकणारी दुसरी वही मला तरी माहीत नाही.

आणि चौसष्ट हा आकडा त्या सगळ्यांत चपखल बसतो. नरसिंहराव गेले होते, काका. घरी बसून मनाने आकडा ठोकणाऱ्याने दोनशे लिहिले असते, तुम्हाला पटावेत म्हणून. चौसष्ट लिहायला खरा माणूस लागतो.

तुमची,
सुचेता


बनशंकरी
निज आषाढ शुद्ध पंचमी, शके १९१८. म्हणजे २० जुलै १९९६. लिहिली तारीख, झालं समाधान?

चि. सुचेता,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच राहिली. काकूला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. मग माळ्यावर चढून माझी पंचांगं काढली, धुळीने शिंकून शिंकून जीव गेला, आणि एकेक दसरा ताडून पाहिला. तुझं सगळं बरोबर आहे. मी ड्रॉइंग ऑफिसात बत्तीस वर्षं काढली, केसाच्या जाडीएवढी चूक कुणाची खपवून घेतली नाही, आणि माझी पट्टीच दरवर्षी सरकत होती. अय्यो, काय हा मूर्खपणा. काकू म्हणाली, अहो, दसरा मागेपुढे होतो हे मला स्वयंपाकघरात कळतं, झेंडूचा भाव बघून. मग आधी का नाही बोललीस, तर म्हणे तुम्ही कधी विचारलंत?

आनंदाने मी दोन दिवस तळ्याकाठी नुसता फेऱ्या मारतोय, तिथे सध्या एक धोबी नसताना. तीनातला एक गेला हे वाईट आहे, पण ते मला आतून माहीत होतं. पाणकणसांच्या अर्ध्या भागात आता घरं आहेत. माहीत असणं वेगळं आणि आकड्यात दिसणं वेगळं.

आता दुसरी गोष्ट. ती मी तुला पूर्ण लिहिली नव्हती. १९९१ च्या दसऱ्याला मोजून झाल्यावर नरसिंहरावांनी नेहमीसारखी खिशातून बन्नीची पानं काढली. आपण आपट्याची पानं सोनं म्हणून देतो, ते धारवाडचे, त्यांच्याकडे शमीची देतात, बन्नी म्हणतात. वीस वर्षं त्यांनी दिली आणि मी घेतली. त्या दिवशी त्यांनी हात पुढे केला आणि मी म्हटलं, खोटं लिहिणाऱ्याच्या हातचं सोनं मला नको. त्यांनी पानं खिशात ठेवली आणि सायकल घेऊन गेले.

तू म्हणशील, आता जा आणि माफी माग. पण कागदावरच्या जोडीच्या जिवावर मी कुणाच्या दारात कसा उभा राहू? ते विचारतील, तुमच्या पुतणीने सांगितलं म्हणून आलात का? पक्ष्यांनी सांगितलं तर जाईन.

तुझा,
वासुदेवकाका


पुणे
४ ऑगस्ट १९९६

ती. काका,

पक्ष्यांच्या आड लपू नका, चिमणीएवढे तर आहेत ते. तुम्हाला जायची भीती वाटते, बस. मला वाटली असती.

पण तुम्हाला पक्ष्यांचीच साक्ष हवी ना, सरी, घ्या. (बघा, तुमचं कानडी मलाही लागलं.) या वर्षी २९ सप्टेंबर रविवारी येतो. दसरा बिसरा काही नाही, भर पितृपक्ष. त्या संध्याकाळी पाच वाजता दगडावर जाऊन बसा. पक्षी साठाच्या आसपास किंवा थोडे कमी निघाले तर नरसिंहराव खरे. दोनशे निघाले तर मी खोटी, तुम्ही आयुष्यभर मला टोमणे मारा. मग दसऱ्याला, २१ ऑक्टोबरला, पुन्हा मोजा. त्याची जोडी १९७७ शी आहे, तेव्हा चारशे अडुसष्ट होते. माझा अंदाज तीनशे दहाच्या आगेमागे. मी हा आकडा आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून 'पुसू नये' असं खाली लिहिलंय. माझी अब्रू तुमच्या धोब्यांच्या हातात आहे.

तुमची,
सुचेता


बनशंकरी
१ ऑक्टोबर १९९६

चि. सुचेता,

आज तिथी लिहीत नाही, बघायला वेळ नाही.

रविवारी चार वाजताच जाऊन बसलो. काकूपण आली, म्हणाली तुम्ही घाबरलात की मोजणं चुकतं. आधी दोन आले, मग सात, मग एक छोटा थवा. मी चिंचोके टाकत गेलो. सव्वासहाला डाव्या खिशात पाच चिंचोके आणि वर तीन पक्षी. त्रेपन्न. मी पुन्हा पुन्हा खिसा चाचपला. सहा वर्षं मी एका माणसाला खोटारडा म्हणत होतो आणि तो इथेच, याच दगडावर, एकटा बसून चौसष्ट मोजून गेला होता. मला रडू आलं. काकूने पदर दिला आणि म्हणाली, आता घरी चला, सकाळी मल्लेश्वरमची बस पकडा.

काल सकाळी गेलो. दार नरसिंहरावांच्या बायकोने, भाग्यलक्ष्मी अक्कांनी, उघडलं. मला वाटलं आता तोंडावर लावतील. त्या म्हणाल्या, बन्नी, म्हणजे या, आणि आत जाऊन कॉफी टाकली. नरसिंहराव पेपर वाचत होते. गावात हल्ली नोव्हेंबरात इथे होणाऱ्या सौंदर्यस्पर्धेचीच चर्चा, त्यांनी तिच्यावरूनच बोलायला सुरुवात केली, जशी आमची भेट परवाच झाली होती. मला ते ऐकवेना. मी उभ्यानेच सांगितलं, अधिक महिना, अनारसे, जोड्या, त्रेपन्न, सगळं एका दमात. शेवटी म्हटलं, नरसिंहराव, तुम्ही गेला होतात. मी चुकलो.

ते उठले. कपाट उघडून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. सुचेता, त्यात एक कागद होता. कारखान्यात ते हजेरी नोंदवणाऱ्या टाइम ऑफिसात होते, सगळं इंग्रजी तारखेने लिहायची सवय. मी पुण्याहून येऊन प्रश्नचिन्ह काढलं ते त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं. त्यांनाही चौसष्टचा उलगडा होत नव्हता. म्हणून पुढचे चार रविवार ते एकटे मल्लेश्वरमहून तळ्यावर आले आणि मोजून गेले. ७ ऑक्टोबर १९९०, एकशे चाळीस. १४ ऑक्टोबर, दोनशे नव्वद. २१ ला तीनशे साठ. २८ ला चारशे दहा. खाली लिहिलं होतं, पक्षी येत आहेत, आपण लवकर गेलो होतो.

तू आठ महिने डोकं खाजवून जे शोधलंस ते त्या माणसाने चार रविवारांत शोधून ठेवलं होतं आणि कपाटात सहा वर्षं पडलं होतं.

मी विचारलं, हे मला दाखवलं का नाहीत? ते म्हणाले, ९१ च्या दसऱ्याला दाखवणार होतो, खिशातच होतं, बन्नीच्या पानांबरोबर. मी म्हटलं, मग? तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तुम्ही बन्नी घेतली नाहीत, वासुदेवराव. कागद काय घेतला असता?"

कॉफी प्यालो. निघताना विचारलं, दसऱ्याला याल का? ते म्हणाले, बघू, गुडघे दुखतात. म्हणजे मी तुला लिहिलेलं खोटंसुद्धा खरं निघालं.

तुझा,
वासुदेवकाका


पुणे
९ ऑक्टोबर १९९६

ती. काका,

पत्र वाचून मी अवधूतला ऑफिसात फोन केला आणि नुसतीच रडले, तो घाबरला की घरी काय झालं. नरसिंहरावांच्या त्या कागदाची झेरॉक्स लगेच पाठवा. त्यावरून कुठल्या तारखेला किती टक्के पक्षी आलेले असतात ते काढता येईल, आणि मग तुमचं प्रत्येक वर्ष प्रत्येकाशी ताडता येईल, नुसत्या जोड्या नाहीत. त्या एका कागदाशिवाय हे जमलंच नसतं. त्यांना सांगा, यावर मी शोधनिबंध लिहिणार आहे, त्यावर तिघांची नावं येतील, आणि त्यांचं पहिलं.

वहीतलं प्रश्नचिन्ह खोडू नका हं. नोंदवहीत काही खोडायचं नसतं, चूकसुद्धा.

दसऱ्याला ते आले नाहीत तरी मोजा. मी इथे फळ्याकडे बघत बसले असेन.

तुमची,
सुचेता


बनशंकरी
विजयादशमी, शके १९१८, २१ ऑक्टोबर १९९६

चि. सुचेता,

पत्र आजच लिहितोय. उद्या सकाळी पहिल्या टपालात पडलं पाहिजे.

पाच वाजेपर्यंत कुणी आलं नाही. मी चिंचोके काढले. मनात म्हटलं, बघू म्हणणारा माणूस येत नसतो. तेवढ्यात मागे रिक्षा थांबली. नरसिंहराव उतरले, काठी टेकत, अक्कांचा हात धरून. दगडावर बसायला त्यांना स्वल्प वेळ लागला, मी हात दिला. पहिला थवा आलाच होता. ते मोजत होते, मी चिंचोके टाकत होतो, जसं आधी होतं. मध्ये एकदा ते म्हणाले, डावीकडे बारा, मी म्हटलं, चौदा, ते म्हणाले, बारा. मी बारा धरले. पाणकणसं पिवळी होऊन हलत होती आणि आवाज इतका की अक्कांनी कानांवर हात ठेवले.

तीनशे आठ. फळ्यावरचं आता पुसलंस तरी चालेल. तुझ्या अंदाजाला दोन पक्षी कमी पडले, ते डावीकडचे असणार.

मोजून झालं. मग मला वाटलं ते खिशात हात घालतील. नाही घातला. तेव्हा लक्षात आलं, या वेळी ते माझं काम आहे. सकाळी काकूने बाजारातून शमीची पानं आणून माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली होती, न सांगता. मी काढली. त्यांच्याच भाषेत म्हटलं, वीस वर्षं ऐकून पाठ होतं, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणू." बन्नी घ्या, सोन्यासारखं राहू.

त्यांनी घेतली. आणि खिशातून आपली काढून मला दिली. एक पान या पाकिटात घातलंय, तुझ्या वाट्याचं.

घरी येऊन वही काढली. आजची नोंद त्यांनी लिहिली, तारखेसकट, त्या गोल अक्षरात. मग मी १९९० चं पान उघडलं. तू सांगितलंस म्हणून प्रश्नचिन्ह खोडलं नाही. त्याच्या शेजारी त्यांच्यासमोर काळ्या शाईत लिहिलं, 'चौसष्ट. बरोबर.' आणि खाली सही केली, 'वा.' नरसिंहरावांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, तारीख घाला. घातली.

तुझा,
वासुदेवकाका